गावाबाहेरचा मातीचा तलाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लघु पाटबंधाऱ्याच्या कामात माझी नोकरी गेली. मोठ्या धरणांवर फारसा नव्हतो. गावापासून कोस-दीड कोसावरच्या, मातीची भिंत घातलेल्या तलावांवरच बहुतेक हिंडलो. जिथे जावं तिथे पारावर प्रश्न तेच निघायचे, आणि आता तेच फोनवर येतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. बोलणं मुख्यतः कोकण सोडून उरलेल्या, कमी पावसाच्या महाराष्ट्राबद्दल आहे.

पाझर तलाव, साठवण तलाव, गावतलाव हे सगळं एकच ना?

दिसायला एकच. ओढ्यावर आडवी मातीची भिंत, एका टोकाला सांडवा, वरच्या अंगाला पाणी. फरक जमिनीखाली असतो. साठवण तलावात भिंतीखाली पार पक्क्या खडकापर्यंत चर खणून तो चिकणमातीने भरतात, म्हणजे पाणी खालून निसटत नाही. या चराला कामावर सगळे 'सीओटी'च म्हणतात. पाझर तलावात हा चर मुद्दाम अर्ध्यावर सोडलेला असतो. पाणी खालून जावं आणि खालच्या विहिरींना लागावं, हाच त्याचा उद्देश.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे मामा तलाव म्हणजे मालगुजारी तलाव. ते वेगळ्या परंपरेतले. कोहळी समाजाने धानासाठी बांधलेले, त्यांतले काही दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे. तिकडे भिंतीला 'पाळ' म्हणतात. पाळही मातीचीच, त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं तिलाही लागू पडतं.

आमचा तलाव दिवाळीलाच आटतो. काम निकृष्ट झालं का?

आधी तो कुठल्या प्रकारचा आहे ते कागदावर बघा. पाझर तलाव असेल आणि खालच्या विहिरींना माघ-फाल्गुनापर्यंत पाणी असेल, तर तलाव उत्तम चालला आहे. त्यातलं पाणी दिसेनासं होतं म्हणजे ते जिथे जायला हवं तिथे गेलेलं असतं. लोकांना मात्र डोळ्यांसमोर चमकणारं पाणी हवं असतं, आणि मग "सगळं पाणी पळालं" म्हणून तळाला प्लास्टिक अंथरायची मागणी येते. मी असे अर्ज वाचलेत.

पण विहिरी कोरड्या आणि तलावही कोरडा असेल, तर पाणी भलत्याच वाटेने जातंय. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. तिथला सरकारी पाझर तलाव पाणी धरत नव्हता. अण्णा हजारे गावी परतल्यावर लोकांनी श्रमदानाने त्याची भिंत दुरुस्त केली आणि खालच्या सात विहिरींना भर उन्हाळ्यात पाणी आलं. नवा तलाव बांधावा लागला नाही, जुन्याचंच काम पुरं केलं.

एवढे सगळे तलाव बांधले कधी?

पुष्कळसे १९७२च्या दुष्काळातले आणि त्यानंतरच्या रोजगार हमीतले. १९७३च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. तुमच्या आजीने घमेलं वाहिलं असेल आणि सुकडी खाल्ली असेल, तर ती बहुधा अशाच एखाद्या भिंतीवर. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीचा कायदा १९७७चा. तेव्हाचं पहिलं उद्दिष्ट लोकांच्या हाताला काम देणं हे होतं. त्यामुळे काही भिंती मोजूनमापून, थर दाबून झाल्या, तर काही नुसत्या रचल्या गेल्या. कोणती कशी झाली हे आज वरून ओळखता येत नाही. म्हणूनच खालचे प्रश्न महत्त्वाचे.

नुसती माती पाणी अडवते कशी?

सगळी भिंत एकाच मातीची नसते. मध्ये काळ्या चिकणमातीचा गाभा असतो, त्याला 'हार्टिंग' म्हणतात. दोन्ही बाजूंनी मुरमाचं आवरण, ते 'केसिंग'. गाभा पाणी अडवतो आणि मुरूम गाभ्याला जागेवर धरून ठेवतो. पाण्याकडच्या उतारावर दगडांचं पिचिंग असतं, लाटांनी माती खरवडू नये म्हणून. खालच्या बाजूच्या पायथ्याशी दगडांचा ढीग असतो. तो उरलेला माल नव्हे! भिंतीत मुरलेलं थोडं पाणी मातीला बरोबर न नेता निथळून जावं यासाठी तो रचलेला असतो. गोठ्याच्या पायाला म्हणून लोक तेच दगड ट्रॉलीत भरून नेतात.

माती एका वेळी वीतभर जाडीच्या थरात, ओलसर करून, रोलरने दाबावी लागते. फार कोरडी असली तर दबत नाही, फार ओली असली तर रोलरखाली लिबलिबते. जुने मुकादम माती मुठीत वळून लाडू होतो का ते बघायचे. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत तो लाडूच खरा.

सांडव्यावर दोन फूट पोती लावली तर तेवढं पाणी जास्त राहील ना?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यांत घातकी प्रश्न. होय, पाणी जास्त राहील, मोठा पाऊस येईपर्यंत.

सांडवा म्हणजे तलावाचा दरवाजा. तलाव भरल्यावर पुराचं सगळं पाणी तिथूनच जायचं असतं. समजा सांडवा २० मीटर रुंद आहे आणि पुराच्या वेळी त्यावरून एक मीटर उंचीने पाणी वाहावं असा हिशेब आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे ३४ घनमीटर. त्यावर दोन फूट, म्हणजे साठ सेंटिमीटर पोती लावली, की त्याच पातळीला वाहायला उरतात फक्त चाळीस सेंटिमीटर. आता जाणारं पाणी सुमारे साडेआठ घनमीटर. साठ टक्के उंची अडवली तर पाणीही साठच टक्के अडेल असं वाटतं, पण अडतं पंचाहत्तर टक्के. सांडव्यावरचं पाणी उंचीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, उंचीच्या दीड घाताने वाढतं. शाळेतलं गणित इथे कामी येतं.

ते अडलेलं पाणी भिंतीच्या माथ्यावरून जातं. दगडी किंवा काँक्रीटच्या बंधाऱ्यावरून पाणी गेलं तर बहुतेक वेळा निभावतं. मातीच्या भिंतीवरून गेलं की ते खालचा उतार कापत कापत मागे येतं आणि मग भिंत तासाभराची पाहुणी असते. पूर्ण भरल्याची पातळी आणि माथा यांच्यात दीड-दोन मीटर जागा मोकळी ठेवलेली असते ती याचसाठी. ती वाया गेलेली जागा समजू नका.

आणखी एक. पाणी दोन फूट चढलं की वरच्या बाजूला कोणाचं तरी शेत बुडतं, आणि ते शेत संपादनात गेलेलं नसतं. मग भांडण कोर्टात जातं. मी एका गावात पोती काढायला गेलो तेव्हा खालचे शेतकरी एका बाजूला, वरचे दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये मी, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेऊन. पोती निघाली, पण चहा कोणीच दिला नाही.

सांडव्यात मासे धरायला लावलेली जाळी, वाहून आलेल्या बाभळीच्या फांद्या, सांडव्याचं पाणी वाहून नेणाऱ्या पुढच्या चरात कोणी केलेली पेरणी, या सगळ्याचा परिणामही पोत्यांसारखाच होतो.

भिंतीच्या मागच्या पायथ्याशी ओल आहे, पाणी झिरपतंय. धोका आहे का?

मातीच्या भिंतीतून थोडं पाणी येणारच. बघायचं ते त्याचा रंग आणि त्याची वाढ. पाणी निवळशंख असेल, दरवर्षी त्याच जागी तेवढंच येत असेल, तर लक्ष ठेवा आणि निवांत झोपा. पाणी गढूळ झालं की समजा, आतली माती वाहून निघाली आहे आणि भिंतीच्या पोटात नळी तयार होते आहे. ती नळी मागून पुढे, पाण्याच्या दिशेने वाढत जाते. पाण्यापर्यंत पोहोचली की मग वेळ उरत नाही.

पायथ्यापलीकडच्या शेतात जमिनीतून बुडबुड्यासारखं पाणी उकळताना दिसलं आणि त्याभोवती रेतीचं कडं जमलं असेल, तर तेही तसंच लक्षण. तोंड चिखलाने बुजवू नका. तिथलं बुजवलं की पाणी दुसरीकडून फुटतं. आधी वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठे दगड असा थर द्या. पाणी निघू द्यायचं, माती अडवायची. आणि मोरी, म्हणजे तलावातून पाणी सोडायचा पाइप, असेल तर ती उघडून तलावाची पातळी उतरवायला घ्या. हळूहळू. एकदम उतरवली तर पाण्याकडचा भिजलेला उतार आधार सुटून घसरतो.

मोरीचा पाइप भिंतीतून जातो तिथे तर खास लक्ष द्या. पाइपाला बाहेरून चिकटून पाणी येणं हा पुष्कळ तलावांचा जुना आजार आहे.

खेकड्यांमुळे धरण फुटतं का?

हा प्रश्न २ जुलै २०१९च्या रात्रीनंतर सुरू झाला. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण त्या रात्री फुटलं, खालची वाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसं गेली. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं आणि राज्यभर खेकड्यांवर विनोद झाले. गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या, ही गोष्ट त्या हसण्यात थोडी मागे पडली.

आता गणित करू. दहा मीटर उंच भिंत, पाण्याकडे अडीचास एक उतार (अडीच मीटर आडवं गेलं की एक मीटर उभं), मागे दोनास एक उतार, माथा तीन मीटर. पायथ्याची रुंदी होते ४८ मीटर. एवढं आरपार बीळ कुठलाच खेकडा पाडत नाही. पण माथ्याजवळ भिंत चार-सहा मीटरचीच असते. तिथे खेकडे, घुशी, साळिंदर यांची बिळं दोन्ही बाजूंनी असतील आणि पाणी कधी नव्हे एवढं वर चढलं, तर ती बिळं पाण्याला आयती वाट देतात. बीळ एका दिवसात पडत नाही. ते दिसतं, वर्षानुवर्षं दिसत राहतं. खणून, माती ओलसर करून थराथराने ठोकून बुजवायचं असतं. वरून नुसती पाटीभर माती टाकली तर घूस दुसऱ्या दिवशी ती बाहेर काढते.

भिंतीवर झाडं लावली तर माती धरून ठेवतील ना?

नाही. गवत लावा. हरळी उत्तम. झाडाची मुळं पाणी शोधत गाभ्यापर्यंत जातात, झाड मेलं की मुळाच्या जागी पोकळ नळी राहते आणि वादळात झाड उन्मळलं तर भिंतीचा लचका घेऊन जातं. वृक्षारोपणाच्या फोटोसाठी भिंतीचा माथा फार सोयीचा असतो, हे मला मान्य आहे. तरी खड्डे तलावाच्या कडेला, पाणलोटात घ्या. तिथे झाडं हवीतच.

बाभळी आधीच मोठ्या झाल्या असतील तर पावसाळ्याच्या तोंडावर उपटू नका. दिवाळीनंतर तोडा, बुंधा आणि जाड मुळं खणून काढा, खड्डा दाबून भरा.

उन्हाळ्यात माथ्यावर भेगा पडल्या आहेत.

काळी माती आहे, भेगा पडणार. भिंतीच्या लांबीला समांतर, उथळ भेग असेल तर फारशी काळजी नको. पण तीच रुंदावत असेल आणि एक बाजू खाली बसली असेल, तर तो उतार घसरायच्या बेतात आहे. भिंतीला आडवी, पाण्याकडून मागच्या बाजूला जाणारी भेग कधीच सोडू नका. पाणी चढल्यावर ते तिच्यातूनच पलीकडे जातं. भेग जिथे संपते तिथपर्यंत खणा आणि ओलसर मातीने ठोकून भरा. सिमेंटचं पाणी ओतू नका.

तलावात पाणी किती आहे हे घरबसल्या कसं काढायचं?

ढोबळ रीत अशी: पाण्याचं क्षेत्रफळ गुणिले सगळ्यांत खोल जागेची खोली, भागिले तीन. सहा हेक्टर पसरलेलं पाणी आणि सहा मीटर खोली असेल तर साठा सुमारे १,२०,००० घनमीटर. म्हणजे १२ कोटी लिटर. दलघमीत (दशलक्ष घनमीटर) ०.१२, आणि जुन्या माणसांच्या एमसीएफटीत (दशलक्ष घनफूट) सव्वाचार.

आता हे कुठे जातं बघा. दोन हजार वस्तीच्या गावाला माणशी ५५ लिटर धरलं तर वर्षाला ४०,००० घनमीटर लागतात. एप्रिल-मेमध्ये तलावावरून दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाण्याची वाफ होते. एका हेक्टरवरून आठ मिलिमीटर म्हणजे ८०,००० लिटर, दहा हजार लिटरचे आठ टँकर, रोज. वर्षाचा हिशेब केला तर सूर्य जवळपास गावाएवढंच पाणी पितो. म्हणून उथळ आणि पसरट तलावापेक्षा खोल तलाव बरा.

मग आमच्या मोटारी काढायला का लावतात?

कारण उसाला हेक्टरी साधारण २०,००० घनमीटर पाणी लागतं. वरच्या तलावात सहा हेक्टर ऊस बसला की तलाव संपला, गाव कोरडं. पाझर तलावातून थेट उपसा मुळातच करायचा नसतो, आपल्या विहिरीतून घ्यायचं. साठवण तलावात १५ ऑक्टोबरचा साठा बघून वाटप ठरतं आणि पिण्याचं पाणी आधी राखून ठेवतात. मोटार कोणाची आहे यावर ती निघते की राहते हे ठरतं, असं लोक म्हणतात. माझं त्यावर काही म्हणणं नाही. पाणी वापर संस्था नीट चालते तिथे हे भांडण निदान गावातल्या गावात होतं, एवढं पाहिलंय.

गाळ काढायचा आहे. कितीही काढला तर चालेल?

चालणार नाही. साठवण तलावात वर्षानुवर्षं साचलेला गाळ काढा, पण मूळ तळ लागला की थांबा. खालचा मुरूम उघडा पडला की तलाव गळायला लागतो आणि मग "गाळ काढला तेव्हापासून पाणी राहत नाही" हे गाऱ्हाणं सुरू होतं. पाझर तलावात उलट आहे. तिथे गाळाने तळाची छिद्रं बुजलेली असतात, तो काढला की पाझर पुन्हा सुरू होतो. दोन्हीकडे भिंतीच्या पायथ्याजवळ मशीन नेऊ नका. मी तरी भिंतीच्या उंचीच्या तिप्पट अंतर सोडायला सांगायचो, आणि जेसीबीवाला नेहमी दुप्पट ऐकायचा.

गाळ कोणाच्या शेतात टाकायचा हेही बघा. मुरमाड, हलक्या रानाला तो सोनं आहे. आधीच भारी काळी जमीन असेल तर वर आणखी चिकण गाळ टाकून पाणी साचण्याचीच सोय होते. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ची, २०२३मध्ये ती पुन्हा सुरू झाली. तीत लहान शेतकऱ्यांना गाळ वाहून नेण्यासाठी एकरी १५,००० रुपये, अडीच एकरांपर्यंत, असं अनुदान ठरवलं. योजनेत गाळ नेता येतो, वाळू नाही.

पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन कोण पेरू शकतं?

ती गाळपेर जमीन. मालकी सरकारची असते आणि हंगामापुरती भाडेपट्ट्याने देतात. ज्यांची जमीन तलावात गेली त्यांचा हक्क पहिला. हरभरा छान येतो. खत-औषध मात्र बेताने, ते पुढच्या पावसात आपल्याच पिण्याच्या पाण्यात उतरतं.

मासे?

कटला, रोहू, मृगळ. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, जितकी मोठी सोडाल तितकी जगण्याची शक्यता जास्त. ठेका मच्छीमार संस्थेकडे असेल तर तिला विचारूनच गळ टाका.

मुलं पोहायला जातात. तलाव तर उथळ आहे.

गाळ काढलेल्या तलावाला उथळ म्हणू नका. मशीनने काढलेले खड्डे उभ्या कडांचे असतात, वर गढूळ पाणी असतं आणि गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट पुरुषभर खोलात जातं. त्यात पाय गाळात रुततो. चांगला पोहणाराही अडकतो. कंत्राटदाराकडून कडा उताराच्या करून घ्या, पाणी भरायच्या आधी.

तक्रार कोणाकडे करायची?

सिंचनक्षमता १०० हेक्टरपर्यंत असेल तर जिल्हा परिषदेकडे, १०१ ते ६०० हेक्टर असेल तर मृद व जलसंधारण विभागाकडे, त्यावर जलसंपदा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, फोटोत एखादी माणसाएवढी वस्तू ठेवा म्हणजे भेग केवढी ते कळेल. ग्रामसभेचा ठराव जोडा.

२०२१चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि १० ते १५ मीटरमधल्या काही ठरावीक धरणांना लागू होतो. गावाबाहेरचा आठ मीटरचा तलाव त्यात येत नाही. त्याच्याकडे बघणारे तुम्हीच.

तलाव नवा कोरा आहे, मग कशाला बघायचं?

नवा तलाव पहिल्यांदा पाण्याने भरतो, तो काळ सगळ्यांत नाजूक. पानशेतची मातीची भिंत १२ जुलै १९६१ला फुटली ती पहिल्याच पावसाळ्यात पाणी भरताना. पहिल्या वर्षी रोज चक्कर मारा.

रात्री जोराचा पाऊस आहे आणि भिंत खचताना दिसली. काय करायचं?

भिंत वाचवायला धावू नका. आधी ओढ्याकाठच्या, खालच्या वस्तीला उठवा. दोन पोरं मोटारसायकलवर, देवळातला भोंगा, जे असेल ते. गुरांची दावी कापा. त्याच वेळी एकाने जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७वर आणि पोलिसांना ११२वर फोन करायचा. तलाठी आणि पोलीस पाटलांनाही कळवायचं. ओढ्यावरचा पूल किंवा फरशी, म्हणजे बुटका पूल, दोन्ही बाजूंनी बंद करा. पाण्याच्या लोंढ्यात आधी सापडतात ती अंधारात फरशी ओलांडणारी माणसं.

खालच्या घरांची यादी आणि फोन नंबर मे महिन्यातच ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावून ठेवा. पाऊस सुरू झाल्यावर यादी करायला बसलेली एक ग्रामपंचायत मी पाहिली आहे, आणि तिथे लाइट गेलेली होती.